गुलाब नंबर एकचा पंचनामा

आमच्या गावात माह्याइतका भरवशाचा पंच दुसरा सापडाचा नाई. सहा वर्सात किती पंचनाम्यायवर सही केली त्याचा हिसाब नाई, अन् त्यातला एकबी मी वाचला नाई.

वाचणार कसा? चौथीत दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसाले गेलो तं मास्तर म्हणे, "सुखदेव, राहू दे, बाकाची दया कर." तेव्हापासून सही तेवढी येते. 'सु' काढतो, 'ख' काढतो, मंग जरा दम घेतो, अन् बाकीचं एका फटक्यात ओढून टाकतो. लोक म्हणते, कोंबडी चिखलातून चालत गेल्यावानी दिसते. दिसू दे. कोंबडी वळून पायत नाई, मीबी पायत नाई.

आता पंचनामा म्हटलं का तुमच्या डोळ्यासमोर चोरी येईन, मारामारी येईन. तसं काई नाई. माहे पंचनामे गुलाबाच्या पानायचे. पानावर पांढरी भुरी आली, पंचनामा. शेंड्यावर मावा बसला, पंचनामा. एकदा तं एक अळी कुंडीच्या काठावर नुसती बसून होती. खाऊन नाई राह्यली होती, पिऊन नाई राह्यली होती. तरी तिच्या संशयास्पद हालचालीचा पंचनामा झाला, अन् त्याच्याखाली माही सही हाये.

हे सारं सोमाजी मडावीपाई. सोमाजीभाऊ जंगल खात्यात गार्ड होते. आधी बरीच वर्सं तिकडं आलापल्लीच्या सागवानात, मंग शेवटची पंधराक वर्सं आमच्या गोंडपिपरीकडच्या बीटवर, म्हणजे गस्तीच्या टापूत. नोकरी सुटली तं आमच्याच गावात, माह्या कुंपणाले लागून घर बांधलं. एकटा माणूस. लग्न केलं नाई, विचारलं तं म्हणते, "बीट मोठा होता." नोकरी सुटली पण गार्डपण सुटलं नाई. खाकी शर्ट अजून आंगावर. पितळी बटनं जमा करा लागली, म्हणून पांढरी लावली. गाव त्यायले गार्डच म्हणते. मी गार्डभाऊ म्हणतो.

आंगणात सतरा गुलाब. प्रत्येकाच्या बुडाशी पत्र्याची चकती, तिच्यावर नंबर, जंगलात झाडायले मारते तसा. सकाळी सहाले टोपी घालून, काठी घेऊन गार्डभाऊ बीटवर निघते. बीट म्हणजे हे आंगण. इकडून तिकडं चाळीस पावलं. पण ते चाळीस पावलं चालाले त्यायले सव्वा तास लागते. थंडीच्या दिवसात मी माह्या ओसरीत चुलीपाशी बसून पायतो. धुकं असं खाली उतरलेलं, का कमरेखालचा गार्ड दिसत नाई. नुसती टोपी अन् खाकी शर्ट गुलाबायच्या वरून हळूहळू तरंगत जाते. कुठी थांबते, वाकते, धुक्यात बुडते, अन् बऱ्याच वेळानं दुसऱ्याच जागी वर येते. मले वाटते मीच अजून झोपून हावो.

मंग धुक्यातून आवाज येते, "पंच!"

नाव घेऊन हाक मारत नाईत. पंच म्हणजे मी.

मी जातो. त्यायच्यापाशी एक स्टूल, माह्यापाशी उलटी बादली. ते जाड रजिस्टर मांडीवर घेते अन् मोठ्यानं बोलत बोलत लिहिते, "सदर झाड पंचासमक्ष पाहिले असता, वरच्या कोवळ्या पानांवर पांढरा थर आढळला." मंग माह्याकडं पायते. "पंचाचं काय म्हणणं हाये?"

पहिल्या वर्सी मी म्हटलं, "भाऊ, माही बायको पलीकडं पीठ चाळून राह्यली होती. उडालं असन."

"मौका पायल्याशिवाय बोलाचं नाई." हे त्यायचं ठरलेलं वाक्य. मौका म्हणजे गुन्ह्याची जागा. "फुंक."

मी फुंकलं. उडालं नाई.

"पीठ असतं तं उडालं असतं. भुरी हाये. थंडी पडली, ओल राह्यली, झाडं एकमेकाले चिकटून वाढली का येते. लिही," असं ते मलेच म्हणते अन् स्वताच लिहिते. मंग रोगट पानं कापून, कागदात बांधून, आंगणाच्या बाहेर नेऊन जाळाचे. आतली दाटलेली फांदी कापून मधात उजेड जाऊ द्याचा. सकाळी थंड्या पारी गंधकाची भुकटी हलकीच धुराळाची, उन्हं तापल्यावर नाई, नाईतं पानच करपते. मी विचारलं, "दुपारी मारलं तं काय होते?" अन् विचाराच्या आधी मारूनबी पायलं होतं. नंबर अकरावर. त्याचाबी पंचनामा झाला. पंच मीच.

पावसाळ्यात काळे ठिपके येते. पानावर शाईचे थेंब पडल्यावानी, अन् भवताल पिवळं. मी झाडाले पाणी द्याचो ते म्हशीले आंघोळ घातल्यावानी, वरून. गार्डभाऊनं माह्या हातची नळी काढून घेतली. म्हणे, "पाणी बुडाले पायजे, अन् सकाळी. पान ओलं राह्यलं का ठिपका फुलते. अन् हे खाली पडलेलं पान उचल. रोग झाडावर झोपत नाई. खाली पडलेल्या पानात झोपते, अन् पुढच्या पावसात उठते." तेव्हापासून मले पडलेल्या पानावर पाय द्याची भीती वाटते. कोण झोपलं असन खाली, का सांगता येते!

पण मले सारायत बरी ड्यूटी लागे ती मे महिन्यात. तेव्हा लाल कोळी येते. कोळी म्हणजे इतकुसा ठिपका, पानाच्या मागच्या बाजूनं राहते, बारीक जाळं विणते, अन् पान वरून धुरकट दिसाले लागते. गार्डभाऊची कमर तेवढी वाकत नाई, म्हणून पंचानं गुलाबाखाली उताणं झोपून वर पायाचं. मी भिंग घेऊन झोपाचो. वर पानं, पानायच्या मधातून निळं आभाळ, दूर सागाच्या वाळल्या पानायचा खळखळ आवाज, कुठीतरी भारद्वाज घुमून राह्यला. बारीक जाळ्यावर उन्हाचा एक थेंब इकडून तिकडं सरकते. माहे डोळे आपोआप मिटाचे. जागा झालो तं गार्डभाऊ लिहिताना ऐकू येई, "पंच मौक्यावर निद्रिस्त आढळला." मंग दोघं मिळून पानायच्या खालून पाण्याची बारीक धार माराचो. कोळ्याले पाणी आवडत नाई, शाळेच्या वयातल्या माह्यावानी.

अन् कायदा सारायले सारखा नाई, हेबी सांगतो. एकदा मी एक लाल, काळ्या ठिपक्याचा ढालकिडा चिमटीत धरला. गार्डभाऊ ओरडले, "सोड त्याले! आपल्या खात्याचा माणूस हाये तो. मावा खाते, पगार मागत नाई." अन् पानाचे गोल गोल तुकडे कापून नेणारी एक माशी येते. अस्सं गोल कापते का बांगडी ठेवून कापलं असन. मी म्हटलं, चला, आज मोठी केस. तं गार्डभाऊ बराच वेळ तिच्या मागं पायत राह्यले. ती तुकडा पोटाशी धरून कुंपणावरून उडून गेली. म्हणे, "जाऊ दे. घर बांधाले नेऊन राह्यली. तिचा निस्तार हाये."

निस्तार म्हणजे गावच्या माणसाले घरापुरतं जंगलातून न्याचा हक्क. मी बोलून गेलो, "भाऊ, आमाले तं तुमी असं कधी जाऊ नाई दिलं."

गार्डभाऊनं रजिस्टर मिटलं. त्या दिवशी पंचनामाबी केला नाई.

कारण गोष्ट खरी होती. आमच्या गावात असं घर नाई जिथल्या कोणाले ना कोणाले या माणसानं धरलं नाई. कोणाची बल्ली, कोणाचे बांबू, कोणाची मोळी. मले स्वताले धरलं होतं दोन सागाच्या फाट्यायसाठी. मी पळालो अन् पळता पळता त्यायच्याच जंगल नाक्याच्या खोलीत शिरलो. मले वाटलं गोठा हाये. म्हणजे मी आरोपीचा पंच झालो, असं प्रमोशन गावात दुसऱ्या कोणाले नाई भेटलं. अन् माही बायको कौसल्या, तिच्या बापाची कुऱ्हाड गार्डभाऊनं जब्त केली होती. तीन कोस जंगलात पायाच्या ठशायवर चालत जाऊन पकडलं म्हातारबाले. कुऱ्हाड त्याच्या आज्याची होती. म्हातारबा मरेपर्यंत तिचं नाव काढे. म्हणून कौसल्या गार्डच्या आंगणात पाय ठेवत नाई. कुंपणापलीकडून गुलाबाचा वास आला तरी पदर नाकाले लावते.

सहा वर्सात त्या आंगणात माह्याशिवाय कोणी बसलेलं मी पायलं नाई.

आता नंबर एकचं सांगतो. नोकरी सुटली त्या दिवशी हापिसातल्या लोकायनं शाल दिली, नारळ दिला अन् गुलाबाचा एक गुच्छा दिला. शाल पुतणीले गेली, नारळ मीच फोडला. गुच्छ्यातले गुलाब दोन दिवसात माना टाकून बसले. गार्डभाऊनं एक काडी काढली, तिरपी कापली, मातीत खोचली अन् वर काचेचा गिलास पालथा घातला. आता गुच्छ्यातली काडी सहसा जगत नाई. मी पैज लावली होती का जगणार नाई. ती जगली. तिसऱ्या वर्सी माह्या छातीले लागली. काळपट लाल फूल, संध्याकाळी पायलं तं मखमलीवानी. बाकीचे सोळा विकत आणलेले, कलमाचे. नंबर एक त्यायचा स्वताचा. चालता चालता नुसता हात लावून पुढं जात, तपासतबी नसत. आपण घरातल्या माणसाची तब्येत रोज कुठी विचारतो?

मागच्या दिवाळीनंतर गार्डभाऊच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं आपरेशन निघालं. चंद्रपूरले. तिथी पुतणीकडं आठ-दहा दिवस राहाचं होतं. जाताना मले उभं करून सांगितलं, "पंच, मावा चढाचे दिवस हायेत. दिसला तं पाण्याच्या धारेनं पाड. जास्तीच झाला तं साबणाचं पातळ पाणी मार. या छोट्या पंपानं. याच पंपानं." अन् हातातला छोटा पंप माह्या हातात दिला, दोन लिटरचा, निळा.

"भाऊ, फिकरच करू नोका," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी नंबर एकच्या कळीवर मावा दिसला. हिरवा, गिचगिच. मी छोटा पंप हातात घेतला. मंग मनात आलं, सुखदेव, तू दहा एकर कपाशी फवारणारा माणूस अन् हे खेळणं घेऊन उभा राहशीन? रस्त्यानं लोक जाऊन राह्यले. मी घरी गेलो अन् माहा मोठा पाठीवरचा पंप घेऊन आलो. साबणाचं पाणी केलं, पातळ, सांगितल्यापरमानं. मोठ्या ऐटीत नंबर एक भिजवला, नंबर दोन भिजवला, नंबर तीन अर्धा भिजवला अन् नोझल चोंदलं. देवाची कृपा झाली का चोंदलं.

कारण दोन दिवसाआधी त्याच पंपानं मी धुऱ्यावरचं, वावराच्या बांधावरचं, गवत मारलं होतं. तणाच्या औषधानं. पंप धुतला होता काय? धुतला होता. म्हणजे एक खेप पाणी घालून हलवला होता. म्हणजे हलवाचं मनात होतं.

सहाव्या-सातव्या दिवशी नंबर एकची कोवळी पानं पिळली. शेवयावानी बारीक झाली, देठं वाकडीतिकडी. मले आतून समजलं. असं गवत मी धुऱ्यावर शंभरदा पायलं हाये, मरताना. मी बुडाले पाणी घातलं, हात जोडले, पंप कोठ्यात कडब्यामागं लपवला. कौसल्या म्हणे, "काऊन, पंपाले थंडी वाजून राह्यली काय?"

गार्डभाऊ एसटीतून उतरले ते काळा चष्मा लावून. मले लाज वाटते सांगाले, पण तो चष्मा पाहून माह्या जिवात जीव आला. म्हटलं, याले दिसणार नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज आला, "पंच!"

गेलो. गार्डभाऊ नंबर एकपाशी उभे. एक पान बोटायच्या मधात धरून, आंधळा माणूस नोट चाचपते तसे चाचपून राह्यले.

"पंच, मले नीट दिसत नाई. तू सांग. पान कसं हाये?"

"थोडंसं... वाकडं हाये."

"भुरी?"

"असन बा थोडी."

"फुंक."

मी फुंकलं. काई नव्हतंच तं उडणार काय?

"कोळ्याचं जाळं?"

"दिसल्यावानी वाटते."

"दिसते का वाटते?"

"भाऊ, थंडीचा कडाका होता इकडं. थंडीनं झालं असन. झाड काकडलं."

गार्डभाऊनं मान हलवली. मंग हळूहळू खाली बसले, कमर दुखत होती तरी, अन् झाडाच्या बाजूच्या मातीवर हात फिरवला. तिथी माह्या मोठ्या पंपाच्या बुडाचा ठसा होता, मले तेव्हा दिसलाबी नाई. मातीचा वास घेतला. धुकं विरून राह्यलं होतं, पानायवरून थेंब पडत होते, टप, टप. मले वाटलं आता हा माणूस माह्या पायाच्या ठशावरून माह्याच घरात जाईन अन् कडब्यामागून पंप काढीन. काई नाई. उठले. स्टुलावर बसून, एका डोळ्यानं, मोठ्या मोठ्या अक्षरात लिहित राह्यले. त्या दिवशी मोठ्यानं बोलले नाईत. मले वाटलं आपरेशनचा थकवा असन.

"कर सही."

केली. 'सु' काढला, 'ख' काढला, अन् दम न घेताच बाकीचं ओढून टाकलं. आपल्याच गुन्ह्याच्या पंचनाम्यावर आपणच पंच. असा भरवशाचा पंच अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात सापडन काय?

"मंग काय औषध द्याचं, भाऊ?"

"औषध नाई. खतबी नाई. बुडाशी भरपूर पाणी सोड, मुरू दे. वाकडी झालेली फांदी काप. अन् थांब."

"किती दिवस?"

"ते झाड सांगन."

दोन अन् तीन नंबर महिन्याभरात सावरले. एक नंबर नाई. त्याचा शेंडा काळा पडला अन् काळं खाली उतराले लागलं. असं शेंड्याकडून मरत येणं लई वाईट. गार्डभाऊ दर आठ दिवसानं काळ्याच्या खाली, जिथी लाकूड आतून पांढरं-हिरवं दिसते तिथी, फांदीच्या डोळ्याच्या जरा वर, तिरपा काप घेत. प्रत्येक कापाआधी कैची फडक्यानं पुसत, कापलेल्या तोंडावर मोरचूद अन् चुन्याचा लेप लावत. आठ दिवसानं काळं पुन्हा खाली. छातीचं झाड कमरेले आलं. कमरेचं गुडघ्याले आलं. संक्रांतीपर्यंत वीतभर खुंट राह्यला.

गार्डभाऊ कमी बोलाले लागले. बीट चालत, पण नंबर एकपाशी आले का हात लावाले जागाच नव्हती. हात तसाच हवेत जाई, जिथी आधी झाड होतं तिथी, अन् परत येई.

मी रोज ठरवाचो, आज सांगतो. बादलीवर बसलो का तोंड उघडाचो. तोंड उघडलं का गार्डभाऊ पेन पुढं करत. मी पेन घ्याचो, सही कराचो अन् घरी येऊन कौसल्यावर चिडाचो. ती म्हणे, "गुलाब त्याचा मरून राह्यला, अन् भात तुमच्या नरड्यात काऊन अडकून राह्यला?" मी म्हणाचो, भातात खडे हायेत.

फागुनात दुसऱ्या डोळ्याचं आपरेशन निघालं. या खेपेले गार्डभाऊनं घराची चावी दिली अन् रजिस्टरबी माह्या हातात दिलं. "घरात वाळवी लागून राह्यली. तुह्याकडं उंचावर ठेव." पंपाचं नाव काढलं नाई. निळा पंपबी दिला नाई. तिथीच मले समजाले पायजे होतं. पण समजत असतं तं चौथी पास झालो नसतो?

रजिस्टर मी फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तं कौसल्या ते मांडीवर घेऊन बसलेली. ती दहावी शिकलेली. माह्या घरात वाचता येणारं तेच एक माणूस.

"हे वाचलं काय तुमी, ज्याच्यावर सह्या केल्या?"

"पंचाले वाचा लागत नाई."

"ऐका मंग." अन् तिनं बोट ठेवून वाचलं, "गुलाब नंबर एक, दोन व तीन. पाने पिळवटलेली. भुरी नाही. मावा नाही. कोळी नाही. तणनाशकाचा परिणाम दिसतो. झाडाशेजारी पाठीवरच्या मोठ्या पंपाच्या बुडाचा ठसा."

मी विचारलं, "अन् पुढं? आरोपी कोण लिहिला?"

"आरोपी अज्ञात. तपास बंद."

बाहेर मोहाची फुलं पडाचे दिवस. तो गोड, जड वास घरभर.

मंग कौसल्या हळूच म्हणे, "अज्ञात कसा? माह्या बापाले तीन कोसावर धरलं होतं त्यानं, अन् हा पंप कुंपणापलीकडचा सापडला नाई?" ती पानं उलटवाले लागली. मागं, आणखी मागं. "अन् हे काय? पंच नंबर एक, तुमची कोंबडी. पंच नंबर दोन, गैरहजर. इथीबी गैरहजर. इथीबी. सहा वर्सं झाली, दुसऱ्या पंचाची ओळ आखून ठेवते अन् सहीची जागा रिकामी सोडते हा माणूस."

तिनं रजिस्टर मिटलं, पदरानं पुसलं अन् फळीवर ठेवलं. कायले पुसलं ते तिलेच माहीत.

गार्डभाऊ आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हाकेची वाट पायली नाई. उजाडताच रजिस्टर घेऊन गेलो. गार्डभाऊ नंबर एकपाशी उकिडवं बसले होते. आता दोन्ही डोळे साफ. खुंटाच्या बुडाशी, मातीतून वर येताना, लाल कोंब. करंगळीच्या नखायेवढा. ते नव्हते त्या आठवड्याभरात मी पाणी सोडत होतो, पण मले दिसला नव्हता. मले वाटलं मुंगळा बसला हाये.

"हा कलमाचा असता तं खालून रानटी फुटला असता, कामाचा नाई," गार्डभाऊ म्हणे. कोंबाले हात लावला नाई, नुसतं बोट जवळ नेलं. "हा काडीचा हाये. बुडातून फुटला तरी तोच."

"भाऊ," मी म्हटलं, "तो पंप माहा होता."

"माहीत हाये."

"धुतला नव्हता."

"तेबी माहीत हाये."

"मंग लिहिलं काऊन नाई?"

गार्डभाऊ उठले. टोपी काढली, पुन्हा घातली. "लिहिलं असतं तं तू आरोपी झाला असता. आरोपीले पंच करता येत नाई. नियम हाये."

"मंग दुसरा पंच बोलवाचा. माह्यापेक्षा हुशार गावात पायजे तेवढे हायेत. मी झोपतो, वाचत नाई, झाडं मारतो..."

"तू हुशार हायेस म्हणून नाई बोलवत तुले," गार्डभाऊ म्हणे. नजर कोंबावरच. "दुसरा कोणी येत नाई म्हणून बोलवतो. जल्मभर माह्याकडं दोनच जातीची माणसं आली सुखदेव. आरोपी, नाईतं पंच."

सहा वर्सात पहिल्यांदा नावानं बोलले. मी बादली उलटी केली अन् बसलो. त्यायनं स्टूल घेतलं, रजिस्टर उघडलं अन् मोठ्यानं बोलत लिहाले लागले, "गुलाब नंबर एक. सदर झाड मृत समजले गेले होते. आज रोजी समक्ष पाहिले असता, जिवंत आढळले." मी 'सु' काढला, 'ख' काढला, दम घेतला.

तेवढ्यात कुंपणाचं फाटक वाजलं. मी पायलं तं कौसल्या. हातात पितळी लोटा, त्याच्यात चहा. पदर नाकाले लावलेला नव्हता. सरळ चालत आली, अकरा नंबरपासून वळली अन् आमच्यापुढं उभी राह्यली. गार्डभाऊ गडबडून उठले. मले वाटते त्या आंगणात उठून उभं राहाची वेळ त्यायच्यावर पहिल्यांदाच आली असन.

"बसा," ती म्हणे. "त्या दुसऱ्या ओळीवर सही पायजे होती ना?"

गार्डभाऊच्या हातातलं पेन खाली पडलं. उचललं. शर्टाले पुसलं. "पायजे होती बाई. पण... सही येते काय तुमाले?"

तिनं लोटा माह्या हातात दिला अन् रजिस्टर स्वताकडं ओढलं.

"येते. पण मी ह्यायच्यावानी नाई, वाचून करते."